कोरड्या पठाराची माती, कोनसीमेचा किनारा

ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर. गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटरची वाट तुडवून बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीला पश्चिमेकडे कडा आहे आणि पूर्वेकडे मंद उतार, त्यामुळे नाशिकचा ओढा काय किंवा बस्तरमधली इंद्रावती काय, निचरा अखेर एकाच दिशेला. हे खोरे सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे देशाच्या भूभागाचा जवळपास दहावा हिस्सा.

या खोऱ्याचे स्वभाव मात्र दोन. पूर्वेकडे जुना ग्नाइस खडक, जंगल आणि भरपूर पाऊस. प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी या उपनद्या गोदावरीला पाणी पुरवतात ते तिथून. पश्चिमेकडे बेसाल्ट, काळी माती आणि पर्जन्यछाया. जिथून पाणी जास्त तिथूनच गाळ जास्त, असे कुणालाही वाटेल.

समुद्रतळाने मात्र वेगळेच सांगितले. गोदावरीच्या मुखासमोर खोल पाण्यात तळ छेदून काढलेल्या गाळाच्या नमुन्याचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. बेसाल्टची माती आणि ग्नाइसची माती यांच्यातील निओडिमियमच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते. त्यावरून कोणत्या थरात कुठली माती हे ओळखता येते. गेल्या काही हजार वर्षांत मान्सून क्षीण होत गेला, तेव्हा समुद्रात येणारा गाळ घटला नाही, उलट वाढला, आणि त्यात पश्चिमेकडच्या बेसाल्टच्या मातीचा वाटा वाढत गेला. दुष्काळाने धूप थांबवली नाही, वाढवली.

कारण मराठवाड्यातल्या कुठल्याही शिवारात मे महिन्यात उघड्यावर पडलेले असते. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, गवताची काडी नाही, वरचा थर भुगा झालेला. वळवाची सर आली की टपोरे थेंब या भुग्यावर आदळतात, बारीक कण छिद्रांत बसतात आणि पाणी मुरायचे सोडून पळू लागते. बघता बघता ओघळ पडतात. तोच पाऊस सप्टेंबरात, उभ्या पिकावर आणि गवतावर पडला तर ओढ्याचे पाणी इतके गढूळ होत नाही.

पुढे माणसाने हातभार लावला. प्रवरेकाठी नेवासे, जोर्वे, दायमाबाद इथे ताम्रपाषाणयुगात शेती करणारी गावे वसली. लोहयुगात लागवड आणखी पसरली, तसा गाळही वाढला. अर्थात सगळा दोष त्या शेतकऱ्यांच्या माथी मारता येत नाही. पाऊस आधी हटला, नांगर नंतर आला.

या मातीनेच गोदावरीच्या मुखाजवळच्या कोनसीमेची सुपीक भूमी घडवली. १८५२मध्ये गोदावरीवरचा धवलेश्वरमचा बंधारा पुरा करणाऱ्या इंग्रज अभियंता आर्थर कॉटनला तिथले शेतकरी आजही मानतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीच्या जडणघडणीत दख्खनच्या उघड्या रानांचा वाटा आहे, हे फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाही.

आता ती माती वाटेतच अडते. नांदूर मध्यमेश्वरचा जुना बंधारा इतका गाळाने भरला की तिथे दलदल झाली, पक्षी आले आणि २०२०मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. गाळाचे असे भाग्य विरळाच. जायकवाडीच्या सुमारे १०२ टीएमसी साठ्यापैकी २६ टीएमसी मृत साठा आहे. गाळ या तळच्या भागात निमूटपणे जाऊन बसावा, ही कागदावरची अपेक्षा. प्रत्यक्षात नदी जलाशयात शिरते तिथेच तिचा वेग पडतो आणि जाड कण तोंडाशीच उतरतात, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या जागेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या काठावर गाळपेर होते.

आंध्रच्या किनाऱ्यावर याचा परिणाम मोजला गेला आहे. १९७०च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ नेत होती. १९९०च्या दशकात तो पावणेसहा कोटींवर आला. त्रिभुज प्रदेशाचा किनारा अनेक ठिकाणी मागे सरतो आहे. लाटा वाळू ओढून नेतात ते थांबलेले नाही, भरपाई तेवढी आटली.

महाराष्ट्राने २०१७मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. यंत्राने गाळ उकरायचा आणि शेतकऱ्याने तो स्वखर्चाने ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आपल्या रानात न्यायचा, असा तिचा तेव्हाचा बेत होता. मुरमाड रानावर हा थर पडला की ओल टिकते, म्हणून उन्हाळ्यात तलावांवर ट्रॉल्यांची रांग लागते. पण ही सोय मुख्यतः छोट्या तलावांपुरती. जायकवाडीच्या नाथसागराएवढा जलाशय ट्रॉल्यांनी उपसून होत नाही.