टाचेचे दुखणे आणि उंच कमानीचे पाय

विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची कथा आहे. नाजूक पायांचा हा भिक्खू चंक्रमण करताना इतका चालला, की तळपायांतून रक्त वाहू लागले. तथागतांनी त्याला एका तळाचे पायताण घालण्याची अनुमती दिली. एकट्यासाठी सवलत नको, असे तो म्हणाला. तेव्हा ती सर्व संघाला मिळाली. दुखणे अंगावर काढणे म्हणजे साधना नव्हे, असा बोध आम्ही यातून घेतो.

आपल्या शहरात वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत आठ-आठ तास सिमेंटच्या फरशीवर उभे राहणारे कामगार आहेत, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनी आहेत, पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर १६०० मीटर धावणारे विद्यार्थी आहेत. यांची टाच दुखली की खाडा पडतो, मजुरी बुडते, भरती हुकते. म्हणून हा विषय क्षुल्लक नाही.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक जाड पट्टा असतो. त्यास प्लांटर फॅसिया म्हणतात. त्यावर सतत ताण पडला की सकाळचे पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते. ओला पाय फरशीवर ठेवून पाहावा. टाच व चवडा उमटला आणि मधला भाग जवळजवळ कोराच राहिला, तर कमान उंच आहे असे समजावे. असा पाय ताठ असतो, धक्का पचवीत नाही. सारा भार टाच व चवड्यावर येतो. त्यात पोटरी आखडलेली असली की ताण आणखी वाढतो. एक्स-रेत टाचेचे हाड वाढलेले दिसले तरी घाबरू नये. न दुखणाऱ्या टाचेतही ते आढळते.

व्यायाम साधे आहेत. अंथरुणातून उतरण्यापूर्वीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, बोटे नडगीकडे ओढून दहा अंक मोजावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. नंतर भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा, गुडघा सरळ व टाच जमिनीला टेकलेली ठेवून पोटरी तीस सेकंद ताणावी. हे तीन वेळा करावे.

पातळ, सपाट स्लीपर टाळावी. टाचेखाली मऊ गादी, किंचित उंच टाच आणि कमानीला आधार असलेले पायताण घ्यावे. महागडे बूट परवडत नसतील तर नेहमीच्या गटई कारागिराकडून चपलेत टाचेची गादी बसवून घ्यावी. विहारात आपण पादत्राणे काढतो; घरातील फरशीवर मात्र मऊ चप्पल वापरण्यास संकोच नसावा.

बहुतेकांना शस्त्रक्रियेविना काही महिन्यांत आराम पडतो; धीर मात्र हवा. परंतु पायाला बधिरता आली, पाऊल अडखळू लागले, एकाच पायाची कमान वाढत गेली, सूज वा ताप असला, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. घाटी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवावे. मधुमेहींनी तर अनवाणी चालूच नये.

दरवर्षी १४ जानेवारीला नामविस्तार दिनी आपण विद्यापीठ गेटकडे चालत जातो. १९९४ साली पूर्ण झालेल्या त्या लढ्यात कित्येकांनी पायपीट केली. पुढची वाट चालायला पाय धड हवेत, एवढेच आमचे सांगणे.