निरोप कुठं अडला?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. येत्या पाच दिवसांत पाऊस किती, सोयाबीनवर फवारणी करावी की थांबावं, काढलेला माल कधी झाकावा, हे त्यात असतं. पेडगाव हे गाव याच परभणी तालुक्यातलं. तरीही शुक्रवारचा सल्ला एखाद्याच्या फोनवर रविवारी उघडतो आणि तोवर फवारणी पावसात धुऊन गेलेली असते. मग राग रेंजवर निघतो आणि उपाय ठरलेला असतो: ॲप काढून टाका, नव्यानं घ्या. हा उपाय मला सगळ्यांत घातक वाटतो. निरोप कोणत्या वाटेनं येतो हे कळलं, तर तो कुठं अडला हेही बहुतेक वेळा घरबसल्या कळतं.

साधा एसएमएस मोबाइलच्या मूळ जाळ्यातून येतो, त्याला नेट लागत नाही. नील पॅपवर्थ या अभियंत्यानं 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडमध्ये पहिला एसएमएस पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, पण ती रोमन लिपीतली. देवनागरीत ही मर्यादा 70 वर येते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘मराठवाडा’ आपल्याला पाच अक्षरी दिसतो, फोन आठ मोजतो. ‘विद्यापीठ’ चाराचं नऊ होतं. त्यामुळं मराठीतला लांब सल्ला तुकड्या-तुकड्यांनी निघतो आणि फोन ते तुकडे जोडून दाखवतो. एखादा मागं राहिला की मजकूर अर्धवट दिसतो. अशा वेळी फोन बंद करून पुन्हा चालू करावा आणि फोनमधली जागा भरली असेल तर नको ते काढून टाकावं.

एसएमएस येणंच थांबलं असेल, तर नोंदणी जुन्या नंबरावर तर राहिली नाही ना, हे आधी पाहावं. रिचार्जविना कायमचा बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. बँक, पीकविमा, गॅस यांचे निरोप मग त्या परक्या माणसाच्या हाती जातात. नंबर बदलताना ही सगळी ठिकाणं एका कागदावर लिहून एकेक बदलून घ्यावीत. व्हॉट्सॲपमध्येही ‘नंबर बदला’ अशी सोय आहे, ती जुनं सिम चालू असतानाच वापरावी.

व्हॉट्सॲपची वाट नेटची. तिथं निरोपाखालची खूण नीट वाचली तरी निम्मं काम होतं. घड्याळ दिसत असेल तर निरोप आपल्याच फोनमध्ये पडून आहे, म्हणजे दोष आपल्या नेटचा. एक टिक म्हणजे तो कंपनीच्या सर्व्हरवर पोचला, समोरच्याच्या फोनवर नाही. त्याचा फोन बंद असेल, नेट नसेल किंवा त्यानं आपल्याला ब्लॉक केलं असेल. न पोचलेला निरोप सर्व्हरवर 30 दिवस राहतो आणि मग पुसला जातो. दोन टिक म्हणजे पोचला. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला पाठवलेल्या निरोपाला एकच टिक दिसत असेल, तर पेडगावात बसून आपला फोन कितीही चाळला तरी उपयोग नाही.

सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार अशी: ॲप उघडलं की निरोप धडाधड येतात, एरवी सामसूम. यात बिचाऱ्या टॉवरचा दोष नसतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन स्वतःच ॲपला झोपवतो. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या बॅटरी वापरावरचं बंधन काढावं, डेटा सेव्हर बंद करावा आणि बॅकग्राउंड डेटा चालू ठेवावा. दुसरं कारण आणखी साधं आहे. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही फोनची तारीख मागं जाते. सुरक्षित जोडणी तारखेवरून पडताळली जाते, त्यामुळं तारीख चुकली की ॲप जोडलंच जात नाही. तारीख-वेळ ‘आपोआप’वर ठेवली की हे मिटतं.

कधी कधी दोष आपल्याकडं नसतोच. 25 ऑक्टोबर 2022 रोजी, ऐन दिवाळीत, व्हॉट्सॲप देशभर सुमारे दोन तास बंद पडलं होतं. शेजारच्या दोन घरांत विचारून घेतलं की असा उलगडा लगेच होतो.

संगणकाचा प्रश्न गावात वेगळ्या रूपात येतो. सातबारा किंवा मुलीचं गुणपत्रक छापायला माणूस झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि तिथल्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडतो. छापील कागद हातात पडला की घरी निघतो. खातं मात्र त्या संगणकावर उघडंच राहतं. फोनमधल्या ‘लिंक केलेली उपकरणं’ या यादीत जाऊन अनोळखी नाव दिसलं तर तिथूनच ते बंद करता येतं. मूळ फोन 14 दिवस वापरात नसेल तर जोडलेला संगणक आपोआप बाहेर पडतो, पण तेवढी वाट कशाला पाहायची? असा कागद ई-मेलवर पाठवणं जास्त बरं. गुगलचं मेसेजेस ॲप संगणकाला जोडलं असेल, तर त्यात बँकेचे ओटीपीही दिसतात. तेही आठवणीनं तोडावं.

अनोळखी नंबरावरून लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके फाइल आली, तर ती उघडू नये. ती फाइल म्हणजे फोनवर ताबा मिळवणारं ॲप असतं. पैसे गेलेच, तर क्षणही न दवडता 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

आता त्या घातक उपायाकडं. बॅकअप न घेता ॲप काढलं, की वडिलांचा आवाज, नातवाचे पहिले फोटो, उचल दिल्याचा पुरावा असं बरंच कायमचं जाऊ शकतं. अँड्रॉइड फोनवरचा बॅकअप गुगल खात्यातल्या 15 जीबी मोफत जागेत जातो आणि त्याच जागेत ई-मेल व फोटोही असतात. जागा भरली की बॅकअप थांबतो आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

दिवाळीला गावी आलेल्या लेकी-मुलांना माझी विनंती आहे. आई-वडिलांचा फोन त्यांच्यासमोर बसून उघडा. चॅट बॅकअपची शेवटची तारीख बघा, जुनी असेल तर लगेच बॅकअप घ्या. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा अंकी पिन लावा, त्यासोबत ई-मेलही नोंदवा आणि तो पिन घरातल्या वहीत लिहून ठेवा. खुणा त्यांनाच वाचायला आणि सेटिंग त्यांच्याच हातानं करायला लावा, कारण तुम्ही परत गेल्यावर फोन त्यांनाच चालवायचा आहे.