मीटरवर ‘०.००’ आलं म्हणजे पाण्यात शिसं नाही? विश्वास ठेवण्याआधी हे वाचा

घरात कुणाला शुगर असेल तर ग्लुकोमीटर तुमच्या ओळखीचाच आहे. त्याची पट्टी म्हणजे छोटासा विद्युत-रासायनिक सेन्सर. रक्तातल्या साखरेची पट्टीवरच्या रसायनाशी क्रिया होते, त्यातून बारीकसा करंट निघतो आणि तो मोजून आकडा दिसतो. साखर २० च्या खाली गेली, तर बऱ्याच मीटरवर आकड्याऐवजी ‘लो’ येतं. म्हणजे साखर संपली असं नाही. त्याखालचा आकडा मीटरला खात्रीनं सांगता येत नाही.

पाणी तपासणाऱ्या सेन्सरचंही तसंच. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा तो थोडा करंट दाखवतोच, आणि तो दर वेळी कमी-जास्त होतो. म्हणून शुद्ध पाणी पुन्हा पुन्हा मोजून हा चढ-उतार काढतात. सिग्नल त्याच्या साधारण तिप्पट तरी वर गेला, तरच पदार्थ ‘सापडला’ म्हणायचं. ही झाली शोधमर्यादा.

आता हिशेब बघा. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. आर्सेनिकलाही तेवढीच मर्यादा. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग! समजा, तुमच्या मीटरची शोधमर्यादा ०.०५ आहे आणि विहिरीत शिसं आहे ०.०४. मानकाच्या चौपट विष, तरी मीटर ‘०.००’ दाखवू शकतो.

सेन्सर लहान, म्हणून नजर बारीक, असंही नाही. लहान टोकाला करंटही कमीच मिळतो. शिशासाठी एक युक्ती करतात: काही मिनिटं टोकावर शिसं साठू द्यायचं, मग ते एकदम सोडवून करंट मोजायचा. त्यानं मर्यादा बरीच खाली येते.

फ्लोराइडचं गणित सोपं आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत त्याचा त्रास आहे. मानक लिटरला १ मिलिग्रॅम, आणि चांगला फ्लोराइड इलेक्ट्रोड ०.०२ पर्यंत ओळखतो. तिथं अडचण शोधमर्यादेची नाही, मीटर वेळच्या वेळी जुळवून घेण्याची आहे.

बाजारातला टीडीएस पेन मात्र यात धरूच नका. पाण्यातून वीज किती जाते एवढंच त्याला कळतं. मीठ की शिसं, हे नाही.

मीटर घेताना दुकानदाराला विचारा: कोणता पदार्थ, आणि लिटरला किती मिलिग्रॅमपासून दिसतो? प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर ‘बीडीएल’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ ‘शोधमर्यादेच्या खाली’. ती मर्यादा किती, हे विचारून मानकाच्या आकड्याशेजारी मांडून बघा.