सीजे-थ्रीबीच्या पोटात डिझेल

डिचोलीतल्या मेस्तांच्या गॅरेजात आमच्या जीपचं बॉनेट भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि जुनं पेट्रोल इंजिन चेन ब्लॉकच्या साखळीला लोंबत होतं. मेस्तांनी साखळी ओढायची थांबवली, हेलकावणारं इंजिन तळव्याने थोपवलं आणि म्हशीच्या पाठीवर मारावी तशी त्याच्यावर थाप मारली. "याचं काही बिघडलेलं नाही, भाऊ. दमलंय."

जीप महिंद्राची, सीजे-थ्रीबी. वडिलांनी पेडण्यातल्या काजूच्या बागेसाठी घेतलेली. बाग आणि रस्ता यांच्यामध्ये व्हाळ, म्हणजे ओढा आहे. उन्हाळ्यात त्यात गोटे दिसतात, पावसाळ्यात गुडघ्याच्या वर पाणी चढतं. पाणी उडून डिस्ट्रिब्यूटर भिजला की जीप मधोमध बंद पडायची. मग वडील पाण्यात उतरत, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून खांद्यावरच्या पंच्याने पुसत, फुंकर मारत आणि पुन्हा लावत. माझ्या लहानपणीचा पावसाळा म्हणजे हे दृश्य. डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं ते त्यासाठीच. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं, म्हणजे भिजायला कॉइल नाही, प्लगच्या वायरी नाहीत.

या मॉडेलचा जन्मच इंजिन बदलण्यातून झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन 60 अश्वशक्तीचं आणि बुटकं होतं. 1953 साली विलीजने त्याजागी ‘हरिकेन’ इंजिन घेतलं. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि इंजिन उंच झालं. ते मावावं म्हणून बॉनेटच उंच केलं, तीच सीजे-थ्रीबी. पुढे भारतात महिंद्राने ती वर्षानुवर्षं बनवली. त्या उंच बॉनेटखाली आज आमचं डिझेल बसलं, ते सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या निर्णयामुळे.

नवं इंजिन महिंद्राचंच, 2523 सीसीचं, कागदपत्रांसह घेतलेलं. लोक विचारतात, ताकद किती वाढली? हरिकेनची अश्वशक्ती सत्तरच्या वर, या डिझेलची 63. म्हणजे आकडा उतरलाच. पण पेट्रोल इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क 155 न्यूटन मीटरच्या आसपास होता आणि त्यासाठी 2000 आरपीएम लागत. डिझेल 1500 आरपीएमलाच 180 च्या पुढे जातं. व्हाळातून निघताना जीपला धावायचं नसतं, ओढायचं असतं. मेस्त याला नुसता ‘जोर’ म्हणतात. त्यांचा हात खाणीच्या ट्रकांवर बसलेला आहे. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात उभे राहिले आणि डिचोलीतली किती तरी गॅरेजं एका फटक्यात ओस पडली. तेव्हापासून मेस्त मिळेल ती गाडी उघडतात.

इंजिन उतरवलं एका सकाळी. जोडायला मात्र तीन आठवडे लागले, त्यातले बरेचसे दिवस एका पट्टीपायी गेले. नव्या इंजिनाचं तोंड आणि जुन्या तीन गिअरच्या गिअरबॉक्सचं तोंड जुळत नाही. मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट घालावी लागते. ती मी दुसऱ्या शहरातून तयार करून आणली होती. बोल्ट सगळे बसले, इंजिन सुरू झालं, पण क्लच दाबला की आतून बारीक किरकिर यायची. मेस्तांनी एक शब्द न बोलता गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवला.

मग त्यांनी लाकडी पेटीतून डायल गेज काढलं. फ्लायव्हीलवर चुंबकाने बसवलं, त्याचं टोक बेल हाउसिंगच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवलं आणि पोराला पाना देऊन क्रँक हळूहळू फिरवायला लावला. काटा सरकत गेला, थांबला, मागे आला. एक घर म्हणजे मिलीमीटरचा शंभरावा भाग. काटा 80 घरं हिंडला. "ऐंशीचं अर्धं चाळीस," मेस्त म्हणाले. म्हणजे इंजिनाचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य 0.4 मिलीमीटरने वेगळे. डोळ्याला न दिसणाऱ्या या फरकाने गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं स्पायगॉट बेअरिंग रोज थोडं थोडं खाल्लं असतं. त्यांनी प्लेटच्या डॉवेल पिना काढल्या, बोल्ट सैल केले आणि तांब्याच्या हातोडीने प्लेटला टिचक्या दिल्या. टिचकी, क्रँक फिरवणं, काटा बघणं, पुन्हा टिचकी. दुपारचं जेवण थंड झालं. संध्याकाळी काटा दहा घरांत फिरू लागला, तेव्हा नव्या पिनांसाठी भोकं पाडली. एवढ्या सबुरीने केलेलं काम मी फार कमी पाहिलं आहे.

डिझेल इंजिन वजनाला जास्त, म्हणून पुढच्या कमानीत एकेक पाटा वाढवला. फाउंडेशनची रबरं जाड घातली. डिफरन्शियलला हात लावला नाही. त्यात क्राऊनला 43 दात आणि पिनियनला 8, म्हणजे 5.38 चं प्रमाण. डिझेल 3200 आरपीएमच्या वर फारसं जात नाही, त्यामुळे जीप आता ताशी 80 किलोमीटरला धापा टाकते. बागेच्या वाटेवर तेवढं पुष्कळ झालं.

पाण्याची तयारी वेगळी. डिझेलला ठिणगीची भीती नाही, पण एअर क्लीनरमधून पाणी आत गेलं तर पेट्रोलपेक्षा भयंकर. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून हवेचं तोंड वर, काचेच्या बाजूला नेलं. दुसरी गोष्ट ब्रीदरची, म्हणजे अ‍ॅक्सलच्या हवेच्या भोकाची. तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तेल दुधाच्या चहासारखं दिसू लागतं. दोन्ही अ‍ॅक्सलच्या ब्रीदरना रबरी नळ्या लावून त्या बॉनेटखाली उंच बांधल्या.

पाण्यावर तरंगणारी जीपही एके काळी होती. फोर्डने 1942-43 मध्ये युद्धासाठी बनवलेली जीपीए, तेच 60 अश्वशक्तीचं इंजिन, होडीसारखं अंग आणि मागे पंखा. तसल्याच एका गाडीतून बेन कार्लिन नावाचा ऑस्ट्रेलियन 1950 मध्ये अटलांटिक ओलांडायला निघाला आणि 1958 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा संपवून परतला. वाटेत तो भारतातूनही गेला होता. आमची जीप तरंगत नाही. तिला तळाचे गोटे धरूनच जायचं असतं.

जूनच्या शेवटी व्हाळावर गेलो. आधी बांबूने खोली मोजली. पाणी हबच्या वर, पंख्याच्या बरंच खाली. पंख्याचा पट्टा सैल केला, नाहीतर पंखा पाणी उडवतो. फोर व्हील, लो, पहिला गिअर. मेस्त काठावरून ओरडले, "सवकाश! मध्ये गिअर बदलू नका!" कुळ्याहून दूधसागरला पर्यटकांना नेणारे जीपवालेही नदीत हेच पाळतात. बंपरपुढे पाण्याची लाट उठली, चाकं एका गोट्यावरून घसरली, इंजिनाचा आवाज जरा खोल गेला आणि जीप पलीकडच्या चिखलात चढली. बागेत पोचल्यावर डिफरन्शियलचं तेल बघितलं. स्वच्छ होतं.

असं काम करायचं असेल तर दोन गोष्टी सांगतो. इंजिन विकत घेण्याआधी परिवहन कार्यालयात जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो. दुसरं, उतरवलेलं इंजिन भंगारात घालू नका. प्लगच्या भोकांतून तेल सोडा, सगळी तोंडं फडक्याने बंद करा आणि कोरड्या जागी लाकडावर ठेवा. आमचं हरिकेन पडवीत आहे, आणि दर महिन्याला मी क्रँक हाताने एक फेरा फिरवतो.