उसना आणलेला देह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेस्पेरेन्नुब या इजिप्शियन पुरोहिताची ममी आली. सुमारे २,८०० वर्षांपूर्वी कर्नाकच्या खोन्सू मंदिरात सेवा केलेला हा माणूस ब्रिटिश म्युझियमकडून काही महिन्यांसाठी उसना आणला होता. अशा वेळी मृतदेहाच्या प्रदर्शनाचा प्रश्न परदेशाचा आहे, आपण तर अग्नी देणारे, असं सहज म्हटलं जातं. हा समज मुळातच चुकीचा आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफनं सापडली. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेलं होतं. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या या शेतकऱ्यांनी आपलं मूल पायाखालच्या जमिनीत, घरातच ठेवलं होतं. महाराष्ट्रात आजही लिंगायत, ख्रिस्ती आणि मुस्लिम समाज दफन करतात, आणि एरवी अग्नी देणाऱ्या अनेक घरांत तान्ह्या मुलांना पुरण्याची रीत आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्याच अंगणातला आहे.

दुसरा गैरसमज उसनवारीबद्दलचा. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली, शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा ‘परत आली’ असं अनेकांनी म्हटलं. प्रत्यक्षात ती तीन वर्षांसाठी उसनी दिलेली आहेत, मालकी लंडनचीच आहे. पण यावरून ‘मालक ते, मग जबाबदारीही त्यांची’ असा निष्कर्ष काढणंही बरोबर नाही. देह मागायचा की नाही, कोणत्या प्रकाशात ठेवायचा, शेजारी काय लिहायचं, मुलांना आधी काय सांगायचं, यात घेणाऱ्याचाही वाटा असतो. आणि पाहुणा माणूस असेल तर ही जबाबदारी वाघनखांपेक्षा कितीतरी मोठी आहे.

‘इतक्या जुन्या हाडांवर कुणाचा हक्क?’ या प्रश्नाचं उत्तर सांचीने देऊन ठेवलं आहे. १८५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमला तिथे बुद्धाचे शिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांचे अस्थिअवशेष सापडले. ते लंडनला गेले आणि ज्या म्युझियममधून वाघनखं आली, तिथेच राहिले. बौद्धांनी मागणी लावून धरली, १९४७ मध्ये अवशेष परत मिळाले आणि १९५२ मध्ये सांचीला पुन्हा प्रतिष्ठापित झाले. २०२४ मध्ये तेच अवशेष थायलंडला दर्शनासाठी गेले, तेव्हा त्यांना कुणी ‘वस्तू’ म्हटलं नाही. दोन हजार वर्षांच्या वयाने हक्क संपला नाही, कारण मागणारे जिवंत होते. नेस्पेरेन्नुबच्या मागे तसा समाज उरलेला नाही. पण मागणारा नाही म्हणून मान कमी करायचा, हा न्याय माझ्या मते टिकत नाही.

यावर आक्षेप येतो की देह मांडायला मर्यादा घातल्या तर विज्ञान थांबेल. तसं घडत नाही. नेस्पेरेन्नुबची पट्टी एकदाही सोडलेली नाही. सीटी स्कॅनने त्याचं शरीर उलगडलं आणि डोक्याला चिकटलेलं मातीचं भांडंही दिसलं. हडप्पाकालीन राखीगढीच्या सांगाड्यातून मिळालेल्या डीएनएचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो प्रयोगशाळेत झाला, काचपेटीत नव्हे. प्राचीन इजिप्शियनांना आपलं नाव उच्चारलं जावं असं वाटे, म्हणून प्रदर्शन हा त्यांचा सन्मानच, हा युक्तिवाद जास्त गंभीर आहे. परंतु त्यांनी देह थडग्यात बंद केला होता, कुणी पाहावा म्हणून मांडलेला नव्हता. नाव सांगण्यासाठी देह उघडा मांडावा लागत नाही. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियमने २०२० मध्ये मानवी अवशेष दालनातून काढले, तरी ते म्युझियम बंद पडलं नाही.

सरसकट बंदी मला मान्य नाही. इनामगावचा रांजण आपल्याला इतिहासाच्या कोणत्याही पानापेक्षा जवळून कळतो. मात्र अवशेष कुठून, कुणी, कोणाच्या संमतीने आणले, हे फलकावर लिहिलेलं असलंच पाहिजे, आणि दालनात शिरण्याआधी पाहणाऱ्याला सूचना मिळाली पाहिजे. शिक्षकांनी मुलांना असा देह ठेवलेल्या संग्रहालयात नेलं, तर मार्गदर्शकाला एवढं जरूर विचारावं: हा माणूस इथे कसा पोचला?