खुर्ची, वस्तरा आणि प्रँक

सकाळी 7. शटर वर. रविवार म्हणजे आम्हा सलूनवाल्यांचा खरा वार. पाणी तापत ठेवलं, तुरटी काढली, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. जालन्यातला मोंढा आज बंद, त्यामुळे हमाल मंडळी निवांत येतात. रोलिंग मिलची रात्रपाळी सुटलेले मात्र डुलक्या घेतच खुर्चीत बसतात.

9. बाकडं भरलं. कुणीतरी मोबाइल टीव्हीला जोडला. लिफ्टमधले दिवे जातात, अंधारात बाहुली घेतलेली पोरगी उभी, आतली बाई किंचाळत सुटते. ब्राझीलच्या सिल्व्हिओ सांतोसच्या कार्यक्रमातला हा 2012 चा तुकडा अजून फिरतोय. बाकडं हसलं. साबण लावलेलं गिऱ्हाईकही हसलं. मी वस्तरा उचलून थांबलो. हलत्या गालावर हात चालवता येत नाही.

10.30. निवृत्त गुरुजी आले. त्यांना सगळं ठाऊक असतं. म्हणाले, अ‍ॅलन फंटनं लपून माणसाची फजिती टिपायचा हा खेळ 1947 साली अमेरिकेत रेडिओवर आणला, पुढच्या वर्षी टीव्हीवर. आपल्याकडे एमटीव्हीवर सायरस ब्रोचाचं ‘बकरा’ आलं. तेव्हा माणूस गोंधळायचा, आता घाबरवल्याशिवाय भागत नाही.

“शेवटी सांगतात की काका, कॅमेरा होता म्हणून,” एक पोरगा म्हणाला.

गुरुजी तापले. डिसेंबर 2012 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रेडिओवाल्यांनी राणीचं सोंग करून लंडनच्या रुग्णालयात फोन लावला. तो पुढे जोडून देणारी परिचारिका जेसिंथा सल्डान्हा आपल्या मंगळूरकडची. तीन दिवसांनी तिनं जीव दिला. पोरानं आवाज कमी केला, बंद नाही.

दुपारी 3. डबा. पोळी खाताना एक हिशेब मांडला: या व्हिडिओंत सापडतं कोण? वॉचमन, रिक्षावाला, हॉटेलातलं पोरगं. कामावरून हलता येत नाही अशी माणसं. तहसीलदाराच्या खुर्चीखाली फटाका लावलेला मी तरी पाहिला नाही.

5. दोन पोरं आली. “काका, गिऱ्हाइकाचा कान कापला असं ओरडा फक्त, लाल रंग आम्ही आणलाय.” रविवारी कुणाला परत पाठवायचं जिवावर येतं, यांना पाठवलं. ती समोरच्या मोसंबीच्या हातगाडीकडे वळली. धक्का दिला, मोसंबी रस्ताभर. म्हातारा वाहनांमधून वाकून वेचत होता. मग, “प्रँक था चाचा!” तो हसला. मोबाइल अजून त्याच्याच तोंडावर होता, न हसून करतो काय? पोरं गेल्यावर त्यानं चेपलेली मोसंबी वेगळी काढली. भरपाई कुणी दिली नाही.

7.30. शेवटची गर्दी. एक पोलीस दाढीला बसले. बेंगळुरूत नोव्हेंबर 2019 मध्ये भुताचे कपडे घालून रात्री लोकांना घाबरवणाऱ्या सात तरुणांना पकडलं होतं, हे त्यांनी सांगितलं. मी मोसंबीवाल्याचं सांगितलं. “तक्रार कोण देणार?” ते म्हणाले. म्हातारा तोवर गाडी घेऊन गेला होता.

9.30. केस झाडले, शटर खाली. उद्यापासून रिमोट गल्ल्यात. क्रिकेट लावू, बातम्या लावू, प्रँक नाही. सलूनवाल्या भावांनो, चहावाल्यांनो, तुम्हीही तेवढं करा.