आधी एसएमपीएस, मग बाकीचं

डेस्कटॉप संगणक असेंबल करायला निघालेल्या माणसाच्या हातातलं कोटेशन मी नेहमी खालून वर वाचतो. वर प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड ही मातब्बर मंडळी मॉडेल नंबरासकट बसलेली असतात आणि तळाशी एकच ओळ असते: ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. ना कंपनीचं नाव, ना मॉडेल. साऱ्या यंत्राला वीज पुरवणारा भाग कॅबिनेटच्या पदराला बांधून येतो! मित्रांचे, नातेवाइकांचे, शेजारच्या मुलांचे संगणक जोडून देताना माझं एक मत पक्कं झालं आहे. सगळ्या भागांत स्वतः मरताना इतरांनाही सोबत नेण्याची ताकद या एकाच डब्यात असते, म्हणून जुळणीचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. प्रोसेसर आणि मदरबोर्डचं सॉकेट जुळलं पाहिजे. एएमडीचं एएम४ वेगळं, एएम५ वेगळं. डीडीआर४ रॅम डीडीआर५च्या स्लॉटमध्ये बसत नाही. रॅमच्या दोन पट्ट्या घेतल्या तर चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. जुन्या यंत्रात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की जेवढा फरक जाणवतो, तेवढा सहसा दुसऱ्या कुठल्याच बदलाने जाणवत नाही. ही माहिती कुठलाही चांगला दुकानदार देतो. एसएमपीएसबद्दल बोलणारे कमी, म्हणून उरलेली सगळी जागा त्याला.

१९८१ साली आयबीएमने पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्याचा पॉवर सप्लाय ६३.५ वॉटचा होता. २०२२ मध्ये आलेलं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटंच ४५० वॉटपर्यंत वीज खातं. हा सगळा भार एसएमपीएस कसा पेलतो, ते पाहण्यासारखं आहे. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्ट एसीचा तो आधी सव्वातीनशे व्होल्टच्या आसपासचा डीसी करतो; चांगल्या सप्लायमध्ये हा आकडा चारशेच्या जवळ नेला जातो. मग ती वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून काढतो आणि १२, ५ व ३.३ व्होल्ट तयार करतो. चालू-बंदचा वेग जितका जास्त, तितका ट्रान्सफॉर्मर लहान. तेच काम ५० हर्ट्झच्या साध्या ट्रान्सफॉर्मरकडून करून घ्यायचं तर तो कित्येक किलोंचा झाला असता. हे तंत्र आधीपासून होतं. पण १९७७च्या ॲपल-टूमध्ये रॉड होल्ट या इंजिनिअरने ते ज्या नेटकेपणाने बसवलं, त्याला तोड नाही. स्टीव्ह जॉब्सना पंखा नको होता, म्हणून होल्ट यांनी कमी तापणारा सप्लाय बनवला.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला गेलो की माझे पाय नव्या मालाच्या दुकानांआधी दुरुस्तीवाल्यांच्या गाळ्यांकडे वळतात. तिथल्या एका कारागिराने मला सप्लाय तपासण्याची जी रीत दाखवली, ती पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. त्याने चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली. पंखा फिरू लागला. बरेच जण इथेच ‘सप्लाय चालू आहे’ म्हणून मोकळे होतात. याने पिवळ्या आणि काळ्या वायरीला गाडीच्या हेडलाइटचा बल्ब लावला आणि मीटर माझ्यासमोर धरला. बिनभाराचे १२.१ व्होल्ट बल्ब पेटताच ११.२ वर आले. १२ व्होल्टला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४च्या खाली जाता कामा नये. “साहेब, हा फक्त पंखा फिरवायच्या लायकीचा,” तो म्हणाला.

मग त्याने डबा उघडला. पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि दुसऱ्या बाजूला कपॅसिटरांची रांग. त्यातल्या दोघांची डोकी फुगली होती आणि वरच्या चिरेतून तपकिरी खपली बाहेर आली होती. कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने आटतो. तापमान दहा अंशांनी कमी राहिलं तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणूनच नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ८५ अंशांचे कपॅसिटर टिकत नाहीत, १०५ अंशांचेच हवेत. हा डबा घरी मात्र कुणी उघडू नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज उरलेली असू शकते.

त्या मोठ्या कपॅसिटरचं मला विशेष कौतुक आहे. लाइट गेली की यूपीएस सूत्रं हाती घेईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तेवढा वेळ संगणक या कपॅसिटरमधल्या साठ्यावर तग धरतो. चांगला सप्लाय पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद काढतो. स्वस्त सप्लायमध्ये हाच कपॅसिटर छोटा घालून पैसे वाचवतात आणि मग ‘यूपीएस असूनही मशीन रिस्टार्ट होतं’ ही तक्रार येते.

निवडताना डब्याच्या बाजूचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यातल्या अँपिअरला बाराने गुणा. तिथे १४ अँपिअर असतील तर १६८ वॉट झाले, मग वर ‘४५०’ कितीही मोठ्या अक्षरात छापलेले असोत. २००४ पासून सुरू असलेला ‘८० प्लस’चा शिक्का पाहा, पण तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, हे वेगळं विचारा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचे वॉट मिळवून वर निम्मे आणखी धरा. असा सप्लाय दोन-तीन अपग्रेड सहज पाहतो.

शेवटची गोष्ट भिंतीतली. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार जुन्या वाड्यांत आणि चाळींत हमखास ऐकू येते. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर शंभराहून अधिक व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असला तरी ही स्थिती चालवून घेण्यासारखी नाही, कारण आत खरा बिघाड झाला तर तोच पत्रा जीव घेऊ शकतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा ॲडॉप्टर संगणकाला कधीही लावू नका. नवी जुळणी करण्याआधी एका जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. ते नसेल, तर ग्राफिक्स कार्डाचे पैसे महिनाभर बाजूला ठेवा आणि आधी अर्थिंग करून घ्या.